पगारे सरांचा अर्धा किलो

१

स्नेहल खर्डेच्या पिस्तुलाचा ट्रिगर पंचेचाळीस ग्रॅमांनी हलका भरला, आणि तेवढ्यापायी कोल्हारच्या त्या पोरीच्या नावाला लबाडीचा डाग लागला.

झालं ते असं. मंगळवारी पुण्यात राज्य स्पर्धा होती, दहा मीटर एअर पिस्तूल. स्नेहलने जन्मात मारले नव्हते इतके गुण मारले, तिसरी आली, आणि रेंजवरून खाली उतरते न उतरते तोच पंचांनी तिला बाजूला घेतलं. या खेळातला नियम साधा आहे. पिस्तुलाची नळी आभाळाकडे करायची आणि ट्रिगरला पाचशे ग्रॅमचं वजन लटकवायचं. ट्रिगरने वजन पेललं तर पिस्तूल पास. सुटला तर नापास, कारण ट्रिगर जितका हलका तितका ओढताना हात कमी हलतो, आणि तो फायदा कुणी चोरून घ्यायचा नाही. स्नेहलच्या ट्रिगरला तीनदा वजन लावलं. तीनदा तो सुटला.

पदक गेलं. वर सोमवारी चौकशी समितीपुढे हजर राहण्याचं पत्र हातात पडलं. ट्रिगर मुद्दाम हलका केला असं ठरलं तर दोन वर्षं बंदी. खेळाडूंच्या कोट्यातून पोलीस भरतीत बसायला स्नेहलच्या वयाचं एकच वर्ष उरलं होतं. तेव्हा ती बंदी दोन वर्षांची नव्हती, कायमचीच होती.

गुरुवारी ती पिस्तुलाची पेटी घेऊन श्रीरामपूरला माधुरी त्रिभुवनच्या ऑफिसात आली. माधुरी वैधमापन निरीक्षक, म्हणजे बाजारातल्या लोकांच्या भाषेत मापं तपासणारी बाई. तिची जीप मोंढ्यात शिरली की निम्मे तराजू आपोआप सरळ होतात, असं लोक म्हणायचे. पण स्नेहल आली ती निरीक्षकाकडे नव्हे. स्नेहलला शिकवणाऱ्या सोपान पगारे सरांनी ज्या मुलीच्या हातात सर्वांत आधी पिस्तूल दिलं होतं, ती मुलगी माधुरी होती. आता ती बेचाळीस वर्षांची होती आणि पिस्तूल सुटून जमाना झाला होता, तरी क्लबातल्या पोरींची ती ताईच होती.

"ताई, आईची आन, मी न्हाई केलं," स्नेहल म्हणाली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

माधुरीने कपाटातून सरकारी शिक्क्याची वजनं काढली, एक छोटं पारडं ट्रिगरला टांगलं आणि पाच-पाच ग्रॅम वाढवत नेली. चारशे पंचावन्नपर्यंत ट्रिगर गप्प होता. चारशे साठला सुटला.

मग तिने भिंग घेतलं. ट्रिगर हलका-जड करणारा स्क्रू असतो, त्याच्या डोक्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. ठिपका अर्धा स्क्रूवर, अर्धा बाजूच्या पोलादावर. नंतर कुणी स्क्रू फिरवला असता तर तो तडकला असता. तो अखंड होता, आणि अगदी ताजा होता.

"स्नेहल," माधुरीने भिंग खाली ठेवलं. "हा स्क्रू कुणी फिरवला, ते आता खरं सांग."

२

पोरीने मान खाली घातली. रविवारी ज्ञानूमिस्त्रीने फिरवला होता, सरांच्या चोरून.

"सरांनी बजावलं हुतं, ट्रिगरला हात लावायचा न्हाई. जड ट्रिगरवरच शिका म्हनायचे. कारखान्यातनं आलाय तसाच ऱ्हाऊ द्या. पन ताई, पुण्याच्या पोरी पार पाचशेच्या काठावर ट्रिगर आनून खेळत्यात. माझा हुता साडेपाचशेचा. सर त्या दिवशी नगरला डॉक्टरकडं गेल्ते. म्हनून मीच मिस्त्रीच्या मागं लागले."

"आणि त्याने पाचशेच्या खाली उतरवला."

"न्हाई ना! क्लबाचं वजन लावून केलं. अर्धा किलोचं. पेललं वजन. दीपानं बी बघितलं."

"पुण्यात मॅचच्या आधी पिस्तूल तपासून घ्यायची सोय असते. का नाही लावलंस?"

स्नेहलने ओढणीने डोळे पुसले. मग म्हणाली, "आमच्यात तसं करत न्हाईत ताई. सरांच्या वजनावर पास झालं की झालं. दुसऱ्याच्या वजनावर लावून बघायचं म्हंजे सरांवर इश्वास न्हाई असं हुतं."

माधुरीला हे सांगायची गरज नव्हती. ही रीत तिच्याच वेळेपासूनची. पंधरा वर्षं पोलिसात फायरिंग शिकवून सरांनी वेळेआधीच निवृत्ती घेतली, आणि श्रीरामपुरात बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये त्यांनी क्लब काढला. पहिल्या दिवशी किराणा दुकानातलं लोखंडी अर्ध्या किलोचं वजन आणून त्याला हूक बसवून घेतला. तो अर्धा किलो म्हणजे क्लबाचा देव. जिल्ह्याच्या मॅचलाही तोच लावायचे, आणि कुणी कधी हूं की चूं केलं नव्हतं.

ज्ञानेश्वर मिस्त्रीचं शिलाई मशिनी दुरुस्तीचं दुकान होतं, आणि क्लबातली डागडुजीही तोच करायचा. पन्नाशीचा माणूस, बोटं तेलाने काळी. माधुरीला बघून तो हातातलं काम टाकून उभा राहिला.

"बाईसाहेब, माझाच गुन्हा हाय. सरांचा शब्द मोडला मी. पन माप चुकलं न्हाई. वजन टांगलं, पाच मोजले, ट्रिगर हलला न्हाई. पाव आटा आनखी फिरवला तर सुटायचा, इतका काठावर आनला. मग लाल ठिपका दिला."

"तुमचा हात चुकला असेल."

"माझा हात चुकंल. सरांचं वजन कसं चुकंल?"

"तेच बघू. चला शेडवर."

शेडचं कुलूप त्याने आपल्या किल्लीने उघडलं. आत जिनिंगच्या वेळचा कापसाचा वास अजून होता. निशाण्यांच्या पाट्या, टेबलं, सरांची खुर्ची सगळं जागच्या जागी होतं. भिंतीवर खिळा होता. खिळ्यावर काही नव्हतं.

ज्ञानेश्वर खिळ्याकडे बघतच राहिला. "मंगळवारी सकाळी हुतं, बाईसाहेब. मी डोळ्यांनी बघितलंय."

३

वजन नेणाऱ्याकडे किल्ली हवी. किल्ल्या तीन होत्या. एक सरांकडे, एक ज्ञानेश्वरकडे, आणि एक बेलापूरच्या दीपाकडे. ती रोज सकाळी शेड उघडायची.

दीपा जिल्ह्यात दुसरी आलेली. स्नेहल बाद झाली तर पुढच्या स्पर्धेत तिची जागा दीपालाच मिळणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुण्यात दोघी एकाच खोलीत उतरल्या होत्या. गावात कुजबूज सुरू झाली होती ती दीपाच्या नावाने, आणि ती दीपाच्या कानावर गेली होती.

"विचारा ना सरळ," ती माधुरीवर फणकारली. "मी केलं का म्हनून विचारा!"

"रविवारी काय बघितलंस ते सांग."

"वजन टांगलेलं बघितलं. मीच पाच मोजले. पेललं हुतं. सोमवारी समितीफुडं बी हेच सांगनार हाय मी, माझी जागा गेली तरी चालंल."

"वजन तू नेलंस?"

"मी कशाला नेऊ? बुधवारी सकाळी शेड उघडलं तर खिळा रिकामा. मला वाटलं सरांनी नेलं असंल. तसे सर कुठं धड हायेत? चार महिने झाले, आमच्यासमोर नेम धरत न्हाईत. डिसेंबरात जिल्ह्याची ज्येष्ठांची मॅच खेळले ना, तवा बी मधल्या बोटानं ट्रिगर ओढत हुते. आमाला शिकवत्यात तर्जनीनं. विचारलं तर म्हनले, ही जुनी पोलिसातली पद्धत हाय."

माधुरीने पेन बंद केलं. पोलिसात असली पद्धत नव्हती. हे तिला सरांनीच शिकवलं होतं.

शुक्रवारी दुपारी ऑफिसात बसून तिने सगळं सुतासारखं सरळ लावलं, आणि लावता लावता तिला ते नकोसं झालं. मोंढ्यातले व्यापारी तिला दगड म्हणत. त्या दिवशी कुणी तिचा चेहरा बघितला असता तर म्हणाले नसते.

दीपा खोटं बोलत नव्हती. खोटं बोलण्यात तिचा फायदा होता, खरं बोलण्यात तोटा, आणि ती खरं सांगायला निघाली होती. म्हणजे रविवारी ट्रिगरने क्लबाचं वजन पेललं होतं. ठिपका अखंड होता, म्हणजे त्यानंतर स्क्रू फिरला नव्हता. मग रविवारीही तो ट्रिगर चारशे पंचावन्नचाच होता. चारशे पंचावन्नचा ट्रिगर पाचशेचं वजन पेलत नाही. तेव्हा क्लबाचं वजन पाचशेचं नव्हतं.

ते कुणी हलकं केलं? स्नेहलला अडकवायला कुणी केलं असेल, तर त्याला ती रविवारी स्क्रू फिरवून घेणार हे आधी ठाऊक हवं. ते तर तिलाच सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं. म्हणजे वजन आधीपासून हलकं होतं, वेगळ्याच कारणासाठी. ज्याचं पिस्तूल खऱ्या वजनावर पास होत नाही, त्यालाच खोटं वजन लागतं. किराणावाल्यांच्या बाबतीत हे तिने शंभरदा सिद्ध केलं होतं.

ती शेडवर जाऊन क्लबाची सगळी पिस्तुलं तपासून आली होती. दीपाचं पाचशे चाळीस. बाकीची चार साडेपाचशेच्या वर. सगळी कारखान्यातून आली तशी, कारण सर कुणाला स्क्रूला हात लावू देत नव्हते. आता कळत होतं, का देत नव्हते. स्क्रू जोवर तसाच आहे तोवर हलक्या वजनाने पोरांचं काही बिघडत नव्हतं.

एक पिस्तूल तेवढं तपासायचं राहिलं होतं. ते शेडमध्ये नव्हतं, बेलापूरला सरांच्या घरात होतं.

शेवटची आशा म्हणून तिने फेरतपासणीचं रजिस्टर काढलं. लोखंडी वजन दर दोन वर्षांनी तपासून शिक्का मारून घ्यावं लागतं. नोकरी लागल्यावर तिने मारलेला पहिला शिक्का त्याच वजनावर होता. वजनाच्या बुडाला खळगा असतो, त्यात शिसं भरलेलं असतं, आणि शिक्का त्या शिशावर बसतो. सर त्या दिवशी पेढे घेऊन आले होते. मग दर दोन वर्षांनी रुमालात गुंडाळून अर्धा किलो घेऊन यायचे, टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "बघा निरीक्षक, आमी खरे हाओत का."

रजिस्टरात शेवटची नोंद सहा वर्षांपूर्वीची होती. त्यानंतर सर आले नव्हते. सर म्हातारे झाले, एवढंच तिला वाटलं होतं.

४

शनिवारी सकाळी ती बेलापूरला गेली. सरांच्या पत्नी भागिरथीबाई ओसरीत त्यांच्या शर्टाची बटणं लावत होत्या. सर एकोणसत्तर वर्षांचे, ताठ उभे, लहान मुलासारखे हनुवटी वर करून. माधुरीला बघताच त्यांनी मान वळवली आणि बाई लगबगीने बाजूला झाल्या, पण गळ्याचं बटण उघडंच राहिलं.

चहा आला. सरांनी पेला दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरला. उजव्या तर्जनीचं पेर आल्याच्या कुडीसारखं गाठाळलं होतं.

कसं विचारायचं याची तिने वाटेत दहा वेळा उजळणी केली होती. त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही.

"सर, अर्धा किलो कुठंय?"

सरांनी पेला खाली ठेवला. मग भागिरथीबाईंना म्हणाले, "ट्रंकेतनं आन ते. रुमालात हाय."

बाईंनी रुमाल आणून माधुरीपुढे ठेवला. तिने वजन उलटं केलं. खळग्यात शिसं नव्हतं आणि तिचा शिक्काही नव्हता. आतून लोखंडही पोखरलेलं होतं. त्यावर मेणबत्तीचं मेण भरून वर काळं बूट पॉलिश चोपडलेलं. पिशवीतल्या काट्यावर ते चारशे बावन्न ग्रॅम भरलं.

"तू आलीस ते बरं झालं," सर म्हणाले. "मंगळवारी पोरीचा फोन आला आनि माझ्या पायाखालची जमीन सरकली, माधुरे. त्यांनी स्क्रू फिरवला हे मला ठावं नव्हतं. तिनं सांगितलं तवा कळलं. मी सरळ शेडवर गेलो आनि वजन उचलून आनलं. लपवलं. मी. सोपान पगारेनं."

"का केलंत हो सर?"

"बोट ओढंना. लई उपाय केले. गरम पाण्यात मीठ घालून हात बुडवला, रबरी चेंडू दाबला, पिस्तुलाची मूठ जाड करून घेतली. रोज सकाळी भिंतीफुडं उभं राहून रिकामं पिस्तूल ओढायचो. शंभरदा. हिला विचार. मग मधल्या बोटानं ओढाय लागलो. त्यानं दोन वर्सं काढली. तर्जनी गेली तसं त्याचं बी बळ कमी झालं."

"पिस्तूल हलकं केलं असतंत तर—"

"आनि पंचाफुडं ठिवायचं? ते खोटं बोलनं झालं. ते मला जमलं नसतं." त्यांनी हे अगदी साधेपणाने सांगितलं. त्यांना ते खरंच तसं वाटत होतं. "म्हनून वजनाचं शिसं खरवडलं. पयल्यांदा धा ग्रॅमच. पिस्तूल तेवढंच उतरवलं. मग वजन टांगलं की पिस्तूल पास व्हायचं. मी मनाशी म्हनायचो, सोपान, पाचशेवर पास झालास. फुडच्या वर्साला आनखी धा. पोरांना तेवढं स्क्रूपासनं लांब ठिवलं. वाटलं, माझ्या एकट्यापुरतंच हाय."

"मी म्हनत हुते, सांगून टाका पोरांना," भागिरथीबाई दारातून म्हणाल्या. "हसले असते का ते? पन ऐकत्यात कुठं."

"हसले नसते," सर म्हणाले. "हळहळले असते. त्येच नको हुतं मला."

माधुरी रडली. सरांसमोर ती याआधी एकदाच रडली होती, पहिली मॅच हरल्यावर, आणि तेव्हा ते ओरडले होते. आज त्यांनी वजनाखालचा रुमाल तिच्यापुढे सरकवला.

"माझा अहवाल लागेल, सर. वजन, शिक्का, सगळं लिहावं लागेल. तुमचं नाव येईल. चाळीस वर्षांचं नाव आहे."

"तुझ्या अहवालावर कोन सोडंल तिला? म्हनतील, जुन्या मास्तरला बळी दिलं आनि पोरीला वाचवलं." सर उठले. "मी येतो. माझ्या तोंडानं सांगतो. ते खरंखोटं करायला वजन बरोबर असू दे."

५

सोमवारी पुण्यात सर समितीपुढे उभे राहिले. रुमाल सोडून वजन टेबलावर ठेवलं आणि दहा मिनिटांत सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. समितीतल्या दोघांना त्यांनीच एके काळी शिकवलं होतं. त्यांना सरांकडे बघवेना. दीपाने आपली साक्ष दिली, ज्ञानेश्वरने आपली, माधुरीने अहवाल ठेवला.

पदक परत मिळालं नाही. पिस्तूल हलकं होतं ते होतंच, कारण काहीही असो. पण लबाडीचा आरोप मागे घेतला गेला आणि बंदी टळली. सरांना यापुढे कुठल्याही मॅचला पंच किंवा प्रशिक्षक म्हणून उभं राहता येणार नव्हतं. त्यांनी तो कागद नीट घडी करून खिशात ठेवला.

परतीच्या वाटेवर स्नेहल गाडीत पुढे बसली. ती सरांशी एक शब्दही बोलली नाही. तिला कुणी दोष द्यावा असंही नव्हतं. जन्मातलं पहिलं राज्य पदक गेलं होतं, आणि तेही ज्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला त्यांच्यापायी.

मंगळवारी सकाळी सर किल्ली द्यायला शेडवर आले. माधुरी नवं वजन घेऊन आली होती, ताज्या शिक्क्याचं. स्नेहल एकटी सराव करत होती. तिने वळून बघितलं आणि पुन्हा निशाण्याकडे तोंड केलं.

सरांनी किल्ली टेबलावर ठेवली, पण गेले नाहीत.

"माधुरे, तुझी बारकी वजनं हायेत का गाडीत?"

"आहेत. का?"

"माझं बोट किती ओढतं ते मोज. खरं किती. सहा वर्सं मला ठावंच न्हाई."

माधुरीने पारड्याला दोरी बांधली. सर खुर्चीत बसले, मनगट टेबलावर टेकवलं, तर्जनी कडेच्या बाहेर काढली आणि दोरीचा फास पेरात अडकवला. हात न हलवता, सावकाश, नुसत्या बोटाने ओढायचं. माधुरीला वजनं टाकवेनात.

मागून स्नेहल आली. तिने माधुरीच्या हातातली पेटी घेतली आणि पारड्यासमोर गुडघे टेकून बसली.

दोनशे. बोट वळलं. अडीचशे. वळलं. तीनशेला सरांच्या कपाळावर घाम आला. तिने दहाचं टाकलं, मग आणखी दहाचं. बोट अर्धं वळलं, थांबलं, आणि कसंबसं पूर्ण वळलं. पुढच्या दहाला ते हललंच नाही. तिने ते दहा काढून घेतलं.

सरांना चष्म्याशिवाय पारड्यातली वजनं दिसत नव्हती. चष्मा भागिरथीबाई लावून द्यायच्या, आणि आज ते एकटेच आले होते.

"चारशे झाले का गं?" त्यांनी विचारलं.

माधुरी स्नेहलकडे बघत राहिली. हो म्हणायला काय लागत होतं? एवढ्या शब्दाने म्हातारा सुखाने घरी गेला असता, आणि माधुरी स्वतः, इतकी वर्षं वजनं तपासणारी, त्या क्षणी हो म्हणाली असती.

"न्हाई सर," स्नेहल म्हणाली. "तीनशे वीस."

सरांनी फास सोडवला आणि दुखरं बोट दुसऱ्या हातात धरलं.

"लिही वहीत."

तिने क्लबाची वही ओढली, तारीख घातली, सोपान पगारे असं लिहिलं, आणि पुढे तीनशे वीस.

"आता खाली सही कर," सर म्हणाले. "कुनी तपासलं त्येबी लिहावं लागतं."

तिने सही केली.